पान्ह्याचे आठ दिवस

संस्थान विलीन होऊन काही वर्षे झाली होती. चैत्रातल्या एका सोमवारी कोल्हापूर नगरपालिकेने चौकातला दूधकट्टा नळाजवळच्या फरसबंद जागेत हलवला. कट्ट्यावर गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकांसमोरच धार काढून दूध विकत. रस्त्यातल्या शेणाच्या तक्रारी वाढल्या होत्या. म्हशी गावाबाहेरच घालवाव्यात, असे काही सभासदांचे मत होते. त्याऐवजी नळाजवळची ही जागा आरोग्य निरीक्षक बाबूराव तोडकर यांनी मागून घेतली. सभेने आठ दिवस दिले. तेवढ्यात कट्ट्याची घडी बसली नाही, तर म्हशी गावाबाहेर.

मी तेव्हा वर्तमानपत्रासाठी नगरपालिकेच्या बातम्या घेत असे. तोडकर सभेत एवढेच म्हणाले, "म्हस लांब गेली की दुधात पाणी आलंच."

खाकी कोट घालून ते रोज पहाटे कट्ट्यावर येत. गवळ्याने धार काढण्याआधी चरवी पालथी करून आत पाणी नसल्याचे दाखवायचे, हा त्यांचा नियम. त्यांचा मेहुणाही गवळी. त्यालाही ते सुनावत, "पावणं, घरात पाटावर बसवतो. हितं चरवी पालथी!"

पहिल्या दिवशी नव्या जागी एकाही म्हशीने धार दिली नाही. गिऱ्हाईक तांबे घेऊन उभे. हौसाबाई गवळण कासेला हात लावून थकली.

"सायेब, पान्हा चोरतीया की ही!"

खुराकाच्या दुधासाठी आलेला एक पैलवान ओरडला, "इन्स्पेक्टर, आता तुमीच बसा धारंला!"

सगळे हसले. तोडकर हसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही चरव्या रिकाम्याच राहिल्या. तेव्हा त्यांनी हौसाबाईला विचारले, "घरात ही पान्हा कवा सोडती?"

"आंबोण पुढ्यात आलं की."

"मग चूक आपली हाय. तिला कामाला बोलावलं, जेवायला न्हाय. म्हशीला ठराव वाचता येतोय व्हय?"

त्या दिवसापासून म्हशी दुपारीही नव्या जागी येऊ लागल्या. त्यांना नळाखाली धुवायचे, पेंड-भुशाचे आंबोण घालायचे, तासभर बांधून ठेवायचे. कासेला हात लावायचा नाही. तोडकर स्वतः आंबोणाच्या पाट्या उचलत. सहाव्या पहाटे हौसाबाईच्या म्हशीने धार दिली. सातव्या पहाटे आणखी पाच म्हशींनी.

आठव्या दिवशी सभासद पाहायला आले. सगळ्या म्हशींची धार निघाली. सभेने कट्टा कायम केला. म्हशींसाठी तिथे दगडी गव्हाण बांधावी, असे एक वाक्य तोडकरांनी ठरावात घालून घेतले.

गव्हाण पावसाळ्याआधी बांधून झाली.