भीमेत सोडलेली फाईल

देवाचं नाव घेताना मन शांत असावं म्हणतात. माझं नव्हतं. दौंडच्या दवाखान्यात आमचे हे तापानं फणफणलेले, शुद्ध हरपलेली, आणि मी मनातल्या मनात खंडोबाला शिव्या घालत होते. त्याच्याच नावानं तर ह्यांनी घोळ घातला होता.

गेल्या साली दुसऱ्या एका दवाखान्यात कसल्याशा इंजेक्शननं ह्यांचा जीव जाता जाता वाचला. अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. हे औषध पुन्हा कधी द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी फाईलवर लाल पेनानं लिहून दिलं. बरे झाल्यावर ह्यांनी काय करावं? फाईलवर भंडारा उधळला आणि भीमेत सोडून दिली! "आजाराचं कागद घरात ठिवलं की आजार माघारी येतो," म्हणे. तो दवाखानाही आता बंद पडलाय. आता डॉक्टर मला विचारत होते, "आजी, कुठलं औषध चालत नाही यांना?" मला कुठलं आठवायला! शुद्धीवर असते तर ह्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं.

"खंडेराया, तुझा भंडारा लावून माझं कपाळ पांढरं करतोस व्हय रं?" मी चारचौघांत मोठ्यानं बोलले. लाज कसली वाटायची तेव्हा!

बाकावरची एक म्हातारी उठून आली. "आगं, तू त्या आप्पांची मालकीण न्हवं? मी कासुर्डीची. गेल्या साली शेजारच्या खाटंला व्हते." मी तिला ओळखलंसुद्धा नाही. "सिस्टरनं आधी मला सुई दिली, मंग त्यांना. तीच दवाई. मला काय झालं न्हाई, आन् त्यांना गांधी उठल्या. म्या तर बोंबललेच!" पिशवीतनं तिनं स्वतःची फाईल काढून डॉक्टरांपुढं धरली. त्या दिवसाच्या पानावर एकच इंजेक्शन होतं. नाव वाचून डॉक्टर सिस्टरवर ओरडले, "थांबा! ते भरलेलं इंजेक्शन खाली ठेवा."

म्हातारीची तपासणी खरं तर आदल्या दिवशी होती. एसटी चुकली म्हणून ती आज आली होती. मी तिचे पाय धरले तर म्हणाली, "माझं कशाला धरतीस? ज्याला शिव्या दिल्यास, त्याचं धर."

हे घरी आले. दुसऱ्याच दिवशी नवी फाईल घेऊन भंडाऱ्याच्या वाटीपाशी जाऊन बसले. मी फाईल हिसकावून घेतली. रडूही येत होतं आणि रागही जात नव्हता. तशीच देवापुढं उभी राहिले. "देवा, वाईट बोलले, पोटात घाल. ह्या माणसाचा जीव तुझ्या हवाली. फाईल मात्र माझ्या पेटीत ऱ्हाईल."