पोरीच्या घरचं पाणी

हट्टी माणसं मी जन्मभर पाहिली. गवंडीकामात तर घरमालक म्हणजे एकेक नमुना. पण लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून बसगाडीत संसार मांडणारा माणूस साऱ्या दुनियेत एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आता ती कोण पाळतो? व्याही पाळतात. तेही शारजात, अल मजाज भागातल्या माझ्या मुलाच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरी.

आमची ही गेली आणि मुलानं मला गावाहून इथं आणलं, तेव्हाची गोष्ट. व्याही हमरिया फ्री झोनमध्ये फोरमन. राहायला कंपनीची खोली, मंडळी तिकडे सांगलीकडे म्हशी सांभाळते. मला भेटायला आले ते काखेत पाण्याची बाटली नि फडक्यात भाकरी घेऊन. सोफ्याच्या कडेवर असे टेकले, जणू पुरतं बसलं तर तेही खाल्ल्यात जमा होईल. सूनबाई ग्लास धरून उभी. "बाबा, इट्स जस्ट वॉटर!" तर म्हणतात, "पाण्यापासनंच सुरू होतंय सगळं, पोरी." मी तेव्हा कुणाशी बोलत नसे, पण राहवलं नाही. म्हटलं, "व्याहीबुवा, पाणी चालत नाही, मग एसीची हवा कशी चालते?" माणूस विचारात पडला. उठला नि गॅलरीत जाऊन उभा राहिला. बाहेर जूनचं ऊन. त्या दिवसापासून ते आले की गॅलरीतच. घामानं निथळत, काचेच्या फटीतून लेकीशी बोलायचे. सूनबाई माझ्यावर डोळे वटारायची, "अण्णा, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

थंडी सुरू झाली आणि एका शनिवारी खालून हॉर्न वाजला तो थांबेचना. कंपनीनं मोडीत काढलेली कामगारांची पांढरी बस व्याह्यांनी घेतली होती. खिडक्यांना जाळ्या, मागच्या सीटा काढून तिथं झोपायला टाकलेल्या दोन फळ्या, एक शेगडी, पाण्याचं पिंप. खाली उतरलो तर म्हणाले, "पाव्हणं, लेकीच्या घरात मला जेवता येत न्हाई, म्हणून मी सोयऱ्याला जेवायला घालायचं न्हाई व्हय? बसा वर. यल्ला, चला!" मुलगा मागून म्हणाला, "अण्णा, जा हो. दिवसभर नुसते भिंतीकडे बघत बसता." बघतो, खरं आहे. इथं मला दुसरं काय कळतं? भिंत तरी कळते. कुठं प्लास्टर पोकळ आहे, ते बसल्या जागी सांगतो.

त्या बसचं सोंग असं, की ती कुठं हळू झाली की थांब्यावरचे कामगार हात करायचे, आणि व्याही थांबायचे. "आपुनबी असंच हात करीत हुतो की." मग कुणाला औद्योगिक भागात सोड, कुणाला बाजारात. एकदा फुजैऱ्याला म्हणून सकाळी निघालो आणि दुपारची भाकरी शारजातच सोडली.

थंडीत इथले लोक हौसेनं तंबूत राहायला जातात. मी जन्म काढला साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत, त्याचीही कुणाला हौस असेल असं वाटलं नव्हतं. मोठमोठ्या घरासारख्या गाड्या येतात, त्यांना जागा आखून दिलेल्या, वीज वेगळी, नळ वेगळा. हत्ताच्या डोंगराजवळच्या एका जागेवर वॉचमन आडवा आला, "ये कारवान नहीं है, लेबर बस है. उधर लगाओ." व्याही खाली उतरले, त्याच्या खांद्यावर हात टाकला, "भाई, हम दोनो लेबर ही है. आज छुट्टी पे है." तो हसला नि सोडलं. तिथलं न्हाणीघर इतकं लख्ख, की व्याही चपला बाहेर काढून आत गेले. फुजैऱ्याच्या किनाऱ्यावर माझ्या बुटात खेकडा शिरला, तर ह्यांना माझ्या पायापेक्षा कालवणाची काळजी. रास अल खैमाच्या डोंगरावर वाऱ्यानं शेगडी पेटेना, तेव्हा बसचं दार काढून आडोसा केला, ते पुन्हा काही बसेना, आणि परतताना सबंध घाट बिनदाराच्या बसमधून, मी सीटला मिठी मारून.

आणि सडा! माणूस वाळवंटात सकाळी उठून बसपुढची वाळू झाडायचा नि वर पाणी शिंपडायचा. म्हटलं, "वाळू झाडून खाली काय निघणार आहे?" म्हणाले, "वाळूच. पर झाडल्याली." शेजारी एका अरबाचा तंबू होता, गालिचे अंथरलेले. त्यानं काहवा, म्हणजे त्यांची कडू कॉफी, नि खजूर पाठवले, ह्यांनी पिठलं दिलं. अरबाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी "गुड, हबीबी, गुड" करीत राहिला बिचारा. मी विचारलं, "लेकीचं पाणी चालत नाही आणि ह्या अरबाचा काहवा चालतो?" तर म्हणाले, "ह्यांच्यात पोर दिलीया व्हय मी?"

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच वेळी खटकली. आम्ही दोघं, आणि ह्यांनी ताटं मांडली तीन. तिसऱ्याभोवती वाळूत बोटानं रांगोळी ओढली, पहिली भाकरी तिथं वाढली. म्हटलं, "हे कुणाचं?" म्हणाले, "विहीणबाईंचं." म्हणजे आमच्या हिचं. मुलाचं लग्न घाईत, मोजक्या माणसांत झालं होतं. विहिणीची पंगत, म्हणजे वरमाईला मानानं बसवून वाढायचं, ते राहूनच गेलं. ही पुढं आजारी पडली तरी चेष्टा करायची, "व्याह्यांनी माझी पंगत बुडवली." तिनं हसण्यावारी म्हटलं, ह्यांनी मनाला लावून घेतलं. मला राग आला. गेलेल्या माणसाचं ताट कशाला मांडायचं? तिकडे पाठ करून जेवलो. जेवण झाल्यावर व्याही ते ताट तिथल्या वॉचमनला देऊन आले, "मॅडमने भेजा है." पुढच्या शनिवारी पुन्हा तीन ताटं. मीही पुन्हा पाठ फिरवून. पण शनिवारची वाट बघायला लागलो, हे खोटं कशाला सांगू. बसमध्ये तिच्याविषयी बोललं की व्याही ऐकायचे. घरात तिचं नाव काढलं की मुलगा टीव्हीचा आवाज कमी करायचा आणि सगळेच गप्प बसायचे.

मग सूनबाईला दिवस गेले. घरात पेढे, फोन, आनंदीआनंद. मीही हसलो. पण गॅलरीत येऊन व्याही म्हणाले, "सुटलो की पाव्हणं! आता पोरीच्या हातचं जेवणार. बस काढून टाकायची, नोकरीबी संपत आलीया, गावाकडं जायचं." नातवंड हवं होतंच मला, कुणाला नको असतं? पण ते आलं की माझा शनिवार जाणार, हा हिशेब सुटेना. पुढची थंडी आली तेव्हा मी स्वतःच फोन करून विचारायचो, "निघायचं का?"

नात झाली. बारशाला हॉलमध्ये जमिनीवरच पंगत मांडली, मुलाच्या ऑफिसची माणसं चटईवर पाय दुमडून अवघडलेली. व्याही एसीत बसले होते, नवा सदरा घालून. सूनबाईनं पाणी दिलं, ते एका दमात प्यायले, आणि ती रडायला लागली. पान वाढलं, श्रीखंड वाढलं. ह्यांचा हात काही ताटाकडे जाईना. लेक म्हणाली, "बाबा, नाऊ व्हॉट? आता तर जेवा!" ते नुसते माझ्याकडे बघत बसले. माणसांदेखत त्यांनी तोंडानं मागितलं नाही, पण मला कळलं.

मी उठलो. गुडघे वाजले. स्वयंपाकघरातून एक ताट आणलं आणि व्याह्यांच्या शेजारी ठेवलं. मला रांगोळी कुठली यायला? भिंत सरळ आहे का बघायला चिमटीत ओळंबा धरणारा हात, तांदळाच्या पिठानं वाकडी रेघ ओढली. पहिली पोळी मीच वाढली. मुलगा म्हणाला, "अण्णा, हे कुणासाठी?" म्हटलं, "तुझ्या आईसाठी. तिची पंगत राहिली होती." टीव्ही बंदच होता, त्यामुळे कुणाला काही कमी करता आलं नाही. तो खाली मान घालून जेवला. व्याह्यांनी मग पहिला घास घेतला आणि त्यानंतर जे जेवले, ते सगळ्यांनी बघत राहावं असं. "मीठ कमी पडलंय, पोरी," एवढंच म्हणाले. पंगत उठल्यावर ताट खाली वॉचमनला मीच देऊन आलो.

पुढं ते गावाकडं गेले. फोन करतात, म्हशींचं सांगतात, नातीला ओरडून हाका मारतात. बस कुणीतरी घेतली, परत कामगार नेण्यासाठी. शनिवारी मी नातीला मांडीवर घेऊन गॅलरीत बसतो. खाली पांढऱ्या बसा कितीतरी जातात, सगळ्या सारख्याच. त्यातली एखादी आमच्या इमारतीपुढं हळू झाली, की मी अजून पायानं चपला चाचपतो.