पर्यायी मार्गाचा अर्ज

सरकारी कचेरीच्या समोर, दोन पायऱ्या चढून गेलं की तिचं दुकान होतं. एक संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीलगत एक बाकडं. बाकड्यावर कायम कुणीतरी कपाळाला आठ्या घालून बसलेलं असायचं. गावात सगळे तिला टाइपिस्टबाई म्हणत. टाइपरायटर भंगारात जाऊन वीस वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

टायपिंग काय, कुणीही केलं असतं. बाईचं खरं कसब वेगळं होतं. लोक तिच्याकडे यायचे ते डोक्यात राख घालूनच. एक म्हातारा आला होता, शेजाऱ्याने कुंपण सरकवलं म्हणून. "लिहा, त्याचा मुडदा बसवला असता मी," असं म्हणूनच त्याने सुरुवात केली.

"मुडद्याचं राहू द्या आजोबा. कुंपण किती फूट सरकवलं ते सांगा."

"अडीच."

"कधी?"

पाच मिनिटांत म्हाताऱ्याच्या हातात स्वच्छ एकपानी अर्ज होता, 'महोदय'पासून 'आपला नम्र'पर्यंत. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "मी एवढा शहाणा आहे हे मला माहीतच नव्हतं." बाईच्या अर्जावर कचेरीतले कारकूनही शेरा मारायला बिचकत, कारण कोणता शब्द टाकला की फाइल हलते आणि कोणता टाकला की तीच फाइल बसते, हे तिला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं.

ती राहायची चढावरच्या वसाहतीत. नवरा बस कंडक्टर. दोघांनी मिळून तीन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि गच्चीला अजून गिलावा व्हायचा होता. एके दिवशी सकाळी काही माणसं दुर्बिणीसारखं यंत्र घेऊन आली आणि वसाहतीच्या मधोमध लाल टोकाच्या खुंट्या ठोकून गेली. चार दिवसांनी कळलं, की वीज मंडळाची अतिउच्च दाबाची लाइन जाणार आहे. बारा मजली इमारतीएवढे मनोरे आणि त्यांच्यावरून तारा. एक तार थेट बाईच्या गच्चीवरून.

शाळेच्या सभागृहात बैठक झाली आणि लाइनला विरोध करायला समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सरच म्हणत. बाई त्यांच्या हाताखाली शिकली होती. औषधांच्या दुकानाचा मालक खजिनदार झाला. चिटणीस कोण, असं विचारल्यावर सरांनी भरल्या सभागृहात तिच्याकडे बोट केलं.

"आपल्याला ओरडणारी माणसं नकोत. लिहिणारं माणूस हवं. ती माझी विद्यार्थिनी आहे."

बाई उभी राहिली तेव्हा तिचे कान तापले होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाने अर्ज लिहिले, आज पहिल्यांदा कुणीतरी तिचं काम चारचौघांत बोलून दाखवलं होतं.

पुढचे तीन महिने ती झपाटल्यासारखी राबली. तिनेच समितीला सांगितलं की एकाच मजकुराच्या शंभर हरकती दिल्या तर साहेब त्या सुतळीने बांधतात आणि एक म्हणून मोजतात. म्हणून तिने दोनशे ऐंशी घरांच्या दोनशे ऐंशी वेगवेगळ्या हरकती लिहिल्या. कुणाच्या हृदयात यंत्र बसवलेलं, कुणाची विहीर मनोऱ्याच्या पायात येणारी, कुणाच्या अंगणात पाळणाघर. प्रत्येकाला बाकड्यावर बसवून ती नीट विचारून घ्यायची. नवरा म्हणायचा, "अगं, लाइन यायच्या आधीच तुझ्या अंगातून करंट जायला लागलाय."

सुनावणीची तारीख लागली आणि नेमकी अडचण उभी राहिली. वसाहतीतले लोक नोकरीवाले. रजा कुणाला मिळेना, मिळाली तरी उन्हात उभं राहायची तयारी कुणाची नाही. सर म्हणाले, "कागद भक्कम आहेत, पण डोकी कमी पडतील. साहेब खिडकीतून डोकीच बघतो."

बाईला ताई आठवली.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ताईने शाळा सोडली आणि चूल हातात घेतली, म्हणून धाकटीला टायपिंगच्या वर्गाला जाता आलं. ताई आता उताराखालच्या वस्तीत राहायची, नदीच्या बाजूला. तिथे तिची रोपवाटिका होती. तीस वर्षांपूर्वी दगड वेचून साफ केलेली जागा आणि त्यात चिंच, जांभूळ, आंबा अशी मोठी मातृझाडं. त्यांच्याच फांद्यांवर ताई कलमं बांधायची. अक्षरओळख बेताची, पण झाडाच्या सालीवर नख मारून ते किती वर्षांचं ते सांगायची.

"लाइन आमच्यावरून जाणार का?" ताईने विचारलं.

"नाही. तुमच्याकडे काही नाही."

"मग आम्ही कशाला यायचं?"

"माझ्या घरावरून जातेय, ताई."

"मग तसं सांग की सरळ. एवढं भाषण कशाला करतेस."

सुनावणीच्या दिवशी वस्तीतून चार टेम्पो भरून माणसं आली. वीटभट्टीवरचे, धुणंभांडी करणाऱ्या, पायाने अधू असलेला एक सुतार. सगळ्यांनी दिवसभराच्या कामावर पाणी सोडलं होतं. सकाळी दहापासून चारपर्यंत ती सगळी माणसं कचेरीच्या आवारात उभी होती. वसाहतीतले लोक आत सावलीत खुर्च्यांवर बसले, कारण त्यांची नावं यादीत होती. ताईने पदर डोक्यावर घेतला होता आणि घोषणा देऊन देऊन तिचा घसा बसला होता. घोषणाही धाकटीनेच लिहून दिलेल्या.

मंडळाचा अभियंता सभ्य माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विरोध नोंदवला. पण लाइन कुठूनतरी जाणारच. तुम्हीच पर्यायी मार्ग सुचवा. सोमवारी पाचच्या आत."

सोमवारी दुपारी सर दुकानात आले ते हातात कागद घेऊनच. कागदावर जमिनींचे सत्तावीस क्रमांक होते. "हा मार्ग मागच्या बाजूने जातो," ते म्हणाले. "लिही. सदर मार्गावर बरीचशी मोकळी जागा असून..."

"मोकळी नको, सर," बाई म्हणाली. "मोकळी म्हटलं की ते विचारतात मालक कोण. 'पडीक व लोकवस्तीविरहित' असं टाकते. तो त्यांचा आवडता शब्द आहे."

"म्हणूनच तुझ्याकडे आलो," सर म्हणाले.

ती क्रमांक टाइप करत गेली. एकोणिसाव्या क्रमांकावर तिची बोटं थांबली. हा आकडा तिने कुठेतरी पाहिला होता. कधीतरी, बऱ्याच वर्षांपूर्वी, नळजोडणीच्या एका अर्जात तिनेच तो लिहिला होता. कुणाच्या, ते आठवायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं. तेवढ्यात खजिनदार दारात येऊन उभा राहिला. "बाई, साडेचार झाले. तिथे शिपाई दार लावतो."

तिने विसावा क्रमांक टाइप केला.

पुढे कितीतरी महिने ती स्वतःला समजावत राहिली की मला ठाऊक नव्हतं. ते खरंही होतं. पण बोटं थांबली होती, तेही खरं होतं.

पाच महिन्यांनी आदेश आला. खजिनदार तो घेऊन तिच्याकडेच आला, चाळीस झेरॉक्स काढायला. "बाई, जिंकलो," एवढंच म्हणून त्याने बाकड्यावर बसकण मारली. लाइन वसाहतीतून हटली होती. आदेशाला नकाशा जोडला होता. बाईने तो काचेवर ठेवला आणि ठेवता ठेवता पाहिला. तुटक रेघ चढाला वळसा घालून उताराखाली उतरत होती आणि नदीच्या बाजूने सरळ जात होती. जिथे वस्ती होती तिथे नकाशा पांढरा होता. वस्तीची कुठे नोंदच नव्हती. त्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरांत एकच शब्द छापला होता, पडीक.

तिने चाळीस प्रती काढून दिल्या. मग दुकान बंद केलं आणि सरांकडे गेली.

"सर, तिथे माणसं राहतात."

"राहतात. पण नोंद नाही ना. आपण खोटं काही लिहिलेलं नाही."

"सुनावणीला तीच माणसं आली होती. दिवसभर उन्हात उभी होती."

"त्यांचे उपकार आहेतच. मी भाषणात उल्लेख करणार आहे."

"उल्लेख नको. समितीचं एक पत्र द्या, की तिथे वस्ती आहे आणि आमची चूक झाली. मी लिहिते, तुम्ही फक्त सही करा."

सरांनी चष्मा काढून पुसला. शाळेत एखाद्याला नापास करायचं असलं की ते असंच करायचे. "हे बघ, आपण असं पत्र दिलं की लाइन परत आपल्या डोक्यावर. तुझ्या गच्चीवरून जात होती, विसरलीस का?"

ती विसरली नव्हती. ती तिथून निघाली ती थेट उतार उतरून ताईकडे.

ताई पिशव्यांत माती भरत होती. बाईने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ताईचा हात चालूच होता. माती दाबायची, मधे बोटाने खळगा करायचा, पिशवी बाजूला ठेवायची.

"ते पत्र कुणी लिहिलं?" ताईने विचारलं.

"मी."

"तुला ठाऊक होतं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. शब्द फिरवण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. "आकडा ओळखीचा वाटला होता," ती म्हणाली. "मी बघितलं नाही."

ताईने आणखी दोन पिशव्या भरल्या. मग हात झटकले. "आता त्याच हाताने आमचा अर्ज लिही."

बाईने तो लिहिला. इतका नेटका अर्ज तिने आयुष्यात लिहिला नव्हता. घराघरांत फिरून तिने माणसं मोजली, चुली मोजल्या, कोणतं झाड कोणत्या साली लावलं ते विचारून घेतलं. एकशे बारा सह्या आणि अंगठे झाले. वसाहतीतून मात्र एकही सही मिळाली नाही. कुणी दार उघडून म्हणालं, यजमान घरात नाहीत. कुणी दारच उघडलं नाही. हृदयात यंत्र बसवलेल्या आजींनी तेवढा तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सुटलो म्हणायचं आणि गप्प बसायचं, पोरी."

अभियंत्याने अर्ज शेवटपर्यंत वाचला. "बाई, हरकतीची मुदत संपलीय. आणि समजा मी घेतला, तरी वर काय सांगू?" त्याने फाइल उघडून समितीचं पत्र तिच्यापुढे सरकवलं. 'पडीक व लोकवस्तीविरहित' या शब्दांखाली कुणीतरी निळ्या पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. "तुमच्याच समितीने लिहून दिलंय. आमचा मूळ मार्ग काही वाईट नव्हता. या एका वाक्यावर बदलला." मग उगाच बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "भाषा मात्र फार चांगली आहे हो."

पुढचं सगळं वर्षभरात उरकलं. अकरा घरं हलली. मनोऱ्याचा एक पाय ताईच्या रोपवाटिकेत आला आणि तारांखाली उंच झाड नको म्हणून मातृझाडं तोडावी लागली. माणूसभर उंचीवरच्या सगळ्यावर करवत चालली. तोडणाऱ्यांना ताईने स्वतः उभं राहून कोणतं झाड कोणत्या बाजूला पाडायचं ते सांगितलं, म्हणजे निदान खालची रोपं वाचतील. बाई तिथे होती. ताईने तिला जा म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही.

त्याच महिन्यात समितीने सत्कार समारंभ ठेवला. बाई गेली नाही. तिचं सन्मानचिन्ह खजिनदाराने घरी आणून दिलं. नवऱ्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, कपाटावर ठेवलं आणि जेवायला बसताना म्हणाला, "लाइन आपल्या घरावरून गेली असती, तर निदान बहिणीकडे राहायला जाता आलं असतं." एरवी त्याच्या बोलण्यावर ती हसायची. त्या दिवशी दोघांनी ताटातून मान वर केली नाही.

बाई अजून दर रविवारी उतार उतरून ताईकडे जाते. ताई आता बुटकी फुलझाडं विकते, कुंडीत मावणारी. हवा दमट असली की डोक्यावर तारा गुणगुणत राहतात आणि ताईला जरा मोठ्याने बोलावं लागतं. ती भांडत नाही, टोमणे मारत नाही. स्टूल पुढे करते, पाण्याचा पेला आणून देते. पहिल्यांदा ती "बसा" म्हणाली तेव्हा बाईला वाटलं, मागे कुणी गिऱ्हाईक आलं असेल. तिने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

तीन-चार रविवार तिने काढले. मग एकदा विचारलंच. "ताई, मला अहोजाहो कधीपासून?"

ताई एका रोपाची पिवळी पानं खुडत होती. "वसाहतीतल्या सगळ्यांनाच करते," ती म्हणाली. "चुकून एखादीला अगंतुगं गेलं तर त्यांना राग येतो."

तेवढ्यात खरंच एक गिऱ्हाईक आलं, तशी ताई उठून गेली. बाईने पेल्यातलं पाणी संपवलं, पेला नळाखाली विसळून उपडा ठेवला आणि चढाच्या रस्त्याला लागली.