एस्थरचं पातेलं

एस्थर गेली हे कळलं आणि मला आधी पिठलं आठवलं.

रडू नंतर आलं. खोटं कशाला सांगू?

आज वर्ष झालं. फेसबुकवर लिहायची मला सवय नाही, पण आज लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

लंडनमध्ये एजवेअरला राहायला आले तेव्हा मला इंग्लिश फक्त "थँक्यू" आणि "सॉरी" एवढंच. एक दिवस बॅक गार्डनमध्ये कपडे वाळत घालत होते. फेन्सच्या पलीकडून आवाज आला,
"मेल्या, चिखलाचे बूट घेऊन कार्पेटवर? थांब, तंगडंच मोडते!"

माझ्या हातातला चादरीचा पिळा खाली पडला.

फेन्सवरून डोकावले. बाईच्या गळ्यात सोन्याची साखळी, तिच्यात सहा टोकांची चांदणी. बोली मात्र आमच्या पेणची.

म्हणाली, "अशी बघतेस काय? ज्यू आहे मी. बेने इस्रायल. अलिबागची."

आमच्या गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. तेलाचा घाणा चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. मी तेवढंच ऐकून होते.

एस्थर सांगायची, "आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणाला लागले. मी विमानात बसून एजवेअरला लागले. इथल्या सिनेगॉगमध्ये पहिल्या दिवशी बायका विचारतात, यू आर इंडियन अँड ज्युइश? म्हटलं, हो बायांनो, आणि तिखटही खाते."

पहिल्यांदा तिला जेवायला बोलावलं. हौसेने मटण केलं. भातावर तुपाची धार. शेवटी श्रीखंड.

तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"कुसुम, अगं, मटण आमच्या खाटकाकडचं नाही. मटणाशेजारी दुधाचं काही चालत नाही, तर भातावर तूप. वर श्रीखंड! आमच्यात जे जे चालत नाही ते सगळं एका ताटात वाढलंस की गं!"

आणि इतकी हसली, इतकी हसली, की मला लाजायला वेळ मिळाला नाही. एक केळं खाऊन उठली.

दुसऱ्या दिवशी दारात हजर. हातात स्टीलचं पातेलं आणि डाव. पातेल्यावर नाव घातलेलं, "सौ. एस्थर". अलिबागच्या भांड्यांच्या दुकानातलं, लग्नातलं.

"हे तुझ्याकडे राहील. माझ्यासाठी काही करायचं तर यातच. यात मटण नाही, दूध नाही, तूप नाही. तुझा डावसुद्धा घालायचा नाही. आणि गॅस मी पेटवणार."

"गॅस का गं?"

"शिजवण्यात आमच्यातल्या कोणाचा तरी हात लागायला हवा. काडी मी लावली की झालं."

"एवढ्या अटी? जेवायला येतेस की सोयरीक ठरवायला?"

"मैत्री टिकवायची असेल तर आधी भांडं ठरवावं."

तेव्हापासून ते पातेलं माझ्या वरच्या फळीवर. ती यायची, गॅस पेटवायची आणि खुर्चीत बसून हुकूम सोडायची. "पिठल्यात गुठळ्या होतायत बघ. हाताला काय झालं?"

मग आमचे हे गेले. अचानक.

इथे ना सासर ना माहेर. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण आणायचं, ही आपली रीत. पण इथे शेजारी कोण? कार्ड टाकून जाणारे.

संध्याकाळी एस्थर आली. पिठलं-भात घेऊन.
मी म्हटलं, "नको गं, जात नाही."
म्हणाली, "खा. रडायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं."

रोज आली. शुक्रवारी दोन डबे आणले.
"उद्या शनिवार, मला गॅस पेटवता येत नाही. पण तुला भूक तर लागणार ना?"

हे मी कसं विसरू?

म्हणून ती गेल्यावर मला पिठलं आठवलं.

त्यांच्यातही तीच रीत. दफन करून घरी आलं की पहिला घास शेजाऱ्यांचा. घरचं खायचं नाही. मला तो घास द्यायचा होता. पण तिची मुलगी रीना आता धर्माचे नियम फार कडक पाळते. सिनेगॉगच्या बायका उकडलेली अंडी आणि बेगल्स, म्हणजे ते भोकाचे गोल पाव, घेऊन येणार होत्या. त्यात माझ्या घरचं कसं चालेल? आणि पेटवणारी तर गेली.

शेवटी धीर करून फोन केला. "रीना, मी काही आणलं तर चालेल का गं? नसेल चालत तर स्पष्ट सांग, मला वाईट नाही वाटणार."

वाटणार होतं. खूप.

रीना म्हणाली, "मावशी, मम्मीचा पातेला तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे गं."

"मग त्याच्यात बनवा ना. मी लीआला पाठवते. गॅस पेटवायला."

लीआ म्हणजे एस्थरची नात. रीडिंग शहरात आयटीत आहे. डोळे सुजलेले, कोटसुद्धा न काढता सरळ गॅसच्या हॉबपाशी गेली. नॉब फिरवला.

"ग्रॅनी ऑल्वेज सेड, कुसुमच्या घरी गॅस मी पेटवणार."

मी बेसन घातलं. गुठळ्या झाल्याच.

पातेलं घेऊन एस्थरच्या घरी गेलो. रीना बुटक्या स्टुलावर बसली होती, त्यांच्यात दुःखात बसतात तशी. बेगलला हात लावला नव्हता. एक घास पिठलं-भात खाल्ला. थांबली.

"मावशी, लम्प्स आहेत."

आणि रडता रडता हसली. "मम्मी बोलली असती, हाताला काय झाला?"

मग सगळं ताट पुसून खाल्लं.

आज सकाळी रीना, लीआ आणि मी एस्थरच्या थडग्यावर जाऊन आलो. त्यांच्यात फुलं वाहत नाहीत, दगड ठेवतात. गार्डनमधला, आमच्या फेन्सच्या पायथ्याशी पडलेला एक गोटा नेला.

परत आलो तर लीआ न सांगताच माझ्या किचनमध्ये शिरली. वरच्या फळीवरून पातेलं काढलं.

"आजी, गॅस मी पेटवते."

एस्थर, बाई, आज गुठळ्या झाल्या नाहीत.
पातेलं घासून, तुझं नाव पुढे करून, जागेवर ठेवलंय.

तुझ्या हातचं खूप खाल्लं गं.

शालोम.