दीवला गेलेला गणपती

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई घरी येऊन वडिलांशी भांडल्या नसत्या, तर दहावीनंतर मी वीटभट्टीवर गेलो असतो. घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. म्हणून पोलिसातल्या नोकरीतली जी घटना आठवली की आजही मान ताठ होते, ती मी सर्वांत आधी बाईंनाच पत्राने कळवली. नावं कोणाचीच देत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवण्याचा एक कारखाना जळाला. मालक तेव्हा आई-बायकोला घेऊन दीव बेटावर सहलीला गेला होता. परतताच त्याने फिर्याद दिली, की बुवापाड्यात राहणाऱ्या एका तरुण कारागिराने डूख धरून आग लावली. पोलीस भरतीसाठी पोराने रजा मागितली, त्यावरून दोघांचं भांडण झालं होतं आणि पोराने काम सोडलं होतं.

पोराला पोलीस ठाण्यात आणलं. हवालदाराने आवाज चढवला, तसा तो उभाच राहिला.

"मारायचं तर मारा साहेब, पण कबुलीवर सही करणार नाही. गुन्हा लागला तर माझी भरती गेली. मला हीच वर्दी घालायचीय."

"बघा, आत्तापासूनच रुबाब!" हवालदार हसला.

मला हसू आलं नाही. सराईत माणूस आधी आईची शपथ घेतो. हा शपथ घेत नव्हता, सरळ नकार देत होता.

वरिष्ठांना घाई होती. "फिर्यादी समुद्रावर, संशयित बुवापाड्यात. आणखी काय पाहिजे तुम्हाला? अटक दाखवा."

"पुरावा पाहिजे, साहेब."

"बदली पाहिजे वाटतं!"

"बदली आदेशाने होते साहेब, अटक पुराव्याने."

तपास माझ्याकडे होता. मी पोराचा जबाब नोंदवला आणि त्याला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यासमोरच्या सिंधी दुकानदाराने मला चहाला बोलावलं. "साईं, मेरा नाम मत लिखना. कारखाना जलने से पहले भगवान निकल गया."

"म्हणजे?"

"सेठ पितळी गणपती घेऊन गेला ना, पिकनिकच्या आधी. मी विचारलं, तर बोलला पॉलिशला देतोय."

पंचांसमोर कारखान्यातल्या देव्हाऱ्याखालची राख चाळली. वितळून वाकडी झालेली समई मिळाली, मूर्ती नाही. मालकाला विचारलं, तर डोळे पुसत म्हणाला, "आगीत गेली, साहेब." मी वाद घातला नाही. तेवढं जबाबात लिहून घेतलं आणि महिला शिपायासह त्याच्या घरी, कॅम्प चारमध्ये गेलो.

त्याची आई दारातच बसली होती. मी म्हणालो, "आजी, कारखान्यातले देव गेले, वाईट झालं."

"जातात कुठे? आमच्याबरोबर दीवला होते की! लेकानेच घरी आणून ठेवले. मग पूजेवाचून ठेवायचे का? घेतले पिशवीत. मला बोट लागली, पण देव मजेत होते." आजीने मोबाईलवर फोटोही दाखवला. लॉजची खिडकी, मागे समुद्र, आणि जास्वंद वाहिलेला गणपती.

तो फोटो मी मालकासमोर ठेवला. तो म्हणाला, "कारखाना माझा होता साहेब. पण देव कसा जाळू?"

"आणि त्या पोराला?"

 विम्यासाठी मालकाने मेहुण्याकडून आग लावून घेतली होती. कॅनमध्ये पेट्रोल भरून घेताना मेहुणा पंपाच्या कॅमेऱ्यात सापडला.

काय जळलं याची यादी सगळेच करतात. काय वाचवलं गेलं, तेही बघावं, हे मी या तपासात शिकलो. माणूस आपल्या देवाला धग लागू देत नाही, दुसऱ्याच्या लेकराला मात्र बेधडक आगीत लोटतो.

बाईंना पाठवलेलं पत्र असं होतं:

"बाई, सा. नमस्कार. जळालेल्या कारखान्याचे खरे आरोपी पकडले. वरिष्ठ ज्याला अटक कर म्हणत होते, तो पोरगा काल पोलीस भरतीची मैदानी चाचणी पास झाला. माझी बदली झाली. कारण 'प्रशासकीय' असं लिहिलं आहे. अर्ज कर, रद्द होईल, असं मित्र म्हणतात. मी अर्ज करणार नाही. विनवणी करावी असं मी काही केलेलं नाही. नव्या ठाण्यातही वरिष्ठ असतील, आणि नाही म्हणायला मी असेन.

तुमचा विद्यार्थी."