गालातलं नाव

रविवारी सकाळी बेल वाजली की दारात अण्णा असत. हातात बॅटरी, तोंड आधीच उघडलेलं. "ताई, बघा जरा. हाय का जाग्यावर?"

वाघोलीत आमची सोसायटी उभी आहे ते एके काळी अण्णांचं शेत. मी मूळची अमरावतीची, खराडीत नोकरीला. ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे. बायको सुमनबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तंबाखूने अण्णांच्या गालात कॅन्सर झाला. तो भाग कापून तिथे डाव्या हाताची कातडी लावायची ठरली. त्याच हातावर लग्नाच्या साली जत्रेत गोंदवून घेतलेलं 'सुमन' होतं. डॉक्टरांनी आधी विचारलं, "नाव तोंडात जाईल, चालेल?"

अण्णा म्हणाले, "बाहीर ठिवून तरी काय करू?"

ऑपरेशननंतर त्यांचं तोंड जेमतेम उघडे. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून ते रोज व्यायाम करत. आरशात आतलं दिसत नसे, म्हणून जखम-फोड बघायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा बॅटरी मारली. ओल्या अंधारात निळी अक्षरं, त्यांवर उगवलेले बारीक केस. मी चमच्याने गाल जरा बाजूला केला, तर अण्णा डावं मनगट चोळायला लागले. "हितं लागलं."

एकदा मी थट्टेत विचारलं, "बोलतात का सुमनबाई?"

"बोलंल कशाला? घास आला की सरकून जागा देती."

त्यानंतर थट्टा केली नाही.

एका रविवारी म्हणाले, "सुमन हलंना." मला आत काही वेगळं दिसलं नाही. तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरांनी बोट फिरवलं, मान चाचपली. "छान आहे. दोन महिन्यांनी या."

अण्णा खुर्चीतून उठेनात. "ती उगं गप बसत न्हाई, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. निव्वळ समजूत काढायची म्हणून त्यांनी कातडीच्या कडेचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. त्यात पुन्हा कॅन्सर निघाला, बोटालाही न कळलेला.

"लवकर सापडलं, बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "पण ही कातडीही काढावी लागेल."

अण्णांनी डोळे मिटले. जबडा हळूच एका बाजूला हलला, आत काहीतरी चाचपल्यासारखा. मग म्हणाले, "काढा. तिनंच सांगितलंय."

ऑपरेशन नीट झालं. पुढे अण्णा लेकीकडे राहायला गेले. मऊ भात खातात, तपासणी चुकवत नाहीत. पण त्याआधी, त्यांना बोलायची परवानगी मिळाली त्या दुपारी मी वॉर्डात होते. गालात आता मांडीची कोरी कातडी होती. त्यांनी सिस्टरला विचारलं, "कुठं ठिवली तिला?"

"लॅबमध्ये काका, तपासायला."

अण्णांनी दाराकडे पाहिलं.

"एकटीच हाय व्हय तिथं?"