तिथून सरळ

ऑफिसात त्यांना सगळे तिथूनराव म्हणत. नाव ठेवणाऱ्याची काही चूक नव्हती. शहरातल्या प्रभागांच्या हद्दी शब्दांत लिहून काढणं हे त्यांचं काम, आणि त्या लिखाणात दर वाक्य ‘तिथून’ने सुरू होतं. ‘नाल्यावरच्या पुलाच्या कोपऱ्यापासून सुरुवात, तिथून रस्त्याच्या मध्यातून उत्तरेकडे दवाखान्याच्या कुंपणापर्यंत, तिथून कुंपणालगत पूर्वेकडे...’ असं करत करत शहराचा एक तुकडा घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरून पुन्हा पुलाच्या कोपऱ्याशी यायचा. निघालो होतो तिथेच परत. “माझं आयुष्यही असंच आहे,” तिथूनराव म्हणत, “फक्त त्याच्याखाली साहेबांची सही नाही.”

लोकांना वाटतं, हद्द म्हणजे जमिनीवर मारलेली रेघ. जमिनीवर काही नसतं. हद्द असते ती वाक्यात. नकाशा आपला सोबतीला. उद्या नकाशाचं आणि वाक्याचं भांडण लागलं तर वाक्य जिंकतं. हे तत्त्व तिथूनरावांनी चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना सांगितलं होतं. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “आपल्या घरात वाक्य कुणाचंही असो, जिंकते मीच.”

बायको परिचारिका. आता निवृत्त, पण गल्ली तिला अजून सिस्टरच म्हणायची. चारचौघांत तिथूनरावांच्या तोंडूनही ‘सिस्टर’ निघून जायचं आणि मग नव्या माणसाला सगळा खुलासा करत बसावं लागायचं. सिस्टरची सगळी नोकरी रात्रपाळीत गेली. नवरा सकाळी ऑफिसला निघायचा तेव्हा ती घरी यायची. दारातल्या दारात किल्ली, डबा आणि लेकीची खबरबात यांची देवाणघेवाण व्हायची. तिथूनराव म्हणत, “आमचा संसार म्हणजे दोन पहारेकऱ्यांचा. भांडायला वेळ कुठाय?”

या रात्रपाळीमुळे एक गोष्ट मात्र झाकली राहिली. तिथूनराव घोरत. नुसतं घोरत नसत, त्यात चढ होता, उतार होता, मध्येच एक घाट होता आणि घाटात गाडी बंद पडल्यासारखी एक भयाण शांतता होती. लेकीची खोली गच्चीवर, त्यामुळे तिला पत्ता नव्हता. आणि स्वतः तिथूनराव ऐन वेळी झोपलेले असत. “इतक्या वर्षांत कुणाची एक तक्रार नाही,” असं ते छातीवर हात ठेवून सांगत. दुसरा कुणी घोरताना दिसला की “माणसाला कळत कसं नाही?” असंही म्हणत.

सिस्टर निवृत्त झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिने प्लंबर बोलावला. तिला वाटलं, पाण्याचा पंप बिघडलाय. पंप ठणठणीत निघाला. तेव्हा तिने आपली कॉट मागच्या खोलीत नेली आणि म्हणाली, “अहो, डॉक्टरांना दाखवा. दाखवलंत की मी परत येते.”

“अगं, घोरत असतो तर दाखवलं असतं ना!”

झालं. पुढच्या खोलीत तिथूनराव, मागच्या खोलीत सिस्टर, आणि मधे एक भिंत. तिथूनरावांना वाटायचं, बाईमाणसाची लहर आहे, जाईल.

अशात सिस्टरने नगरसेवकपदाला उभं राहायचं ठरवलं. कारण साधं होतं. गल्लीतला दवाखाना संध्याकाळी बंद व्हायचा, आणि त्यानंतर ज्याला दम लागेल, ज्याचं मूल तापेल, तो सिस्टरचं दार ठोठावायचा. “मी निवृत्त झाले, गल्ली कुठे झाली?” ती म्हणायची. “दवाखाना रात्रीही उघडा राहिला पाहिजे. अर्ज करून थकले. आता निवडूनच येते.” गल्ली पडली खालच्या प्रभागात. तिने खालच्या प्रभागातून अर्ज भरला. त्याच प्रभागातून कोपऱ्यावरचा चष्मेवालाही उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा सगळा जन्म लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावण्यात गेला होता. त्याने हरकत घेतली: सिस्टर खालच्या प्रभागात राहतच नाहीत. नियम असा, की उमेदवार त्याच प्रभागात राहणारा हवा.

हरकतीचं पत्र वाचून तिथूनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अगं, ती हद्द मी लिहिलीये! माझ्या हाताने! चष्मेवाल्याला म्हणावं, स्वतःचा नंबर तपास आधी.”

लेकीने नकाशा पसरला. वर बापाचं वाक्य ठेवलं. वाचलं. “बाबा, ‘तिथून नाल्याच्या वळणापासून सरळ रेषेत विजेच्या खांबापर्यंत’. खांब आपल्या मागच्या गल्लीतला ना?”

“तोच. मधे रिकामी जागा आहे, म्हणून सरळ. रस्ता असता तर मध्यातून लिहिलं असतं, भिंत असती तर लगत लिहिलं असतं. नकाशात काहीच नसलं की सरळ. साधी गोष्ट आहे.”

“बाबा, नकाशा जुना आहे.” लेकीने पट्टी ठेवली. “या रिकाम्या जागेत आपण राहतो.”

पट्टी बरोबर मधल्या भिंतीवरून गेली होती. पुढची खोली खालच्या प्रभागात, मागची वरच्या. स्वयंपाकघरात रेषा जरा तिरकी जात होती, त्यामुळे गॅस एका प्रभागात आणि भांडी घासायची मोरी दुसऱ्यात. तिथूनरावांनी त्याही अवस्थेत नोंद घेतली की मोरी आपल्या हद्दीत येत नाही. मग ते खाली बसले. अख्ख्या शहराची हद्द खुर्चीतून न उठता लिहिणारा माणूस, स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या घराला रिकामी जागा समजला होता. इतका जुना कारकून, पण एवढी सरळ चूक त्याच्या हातून पूर्वी झाली नव्हती.

“घाबरू नका,” ते म्हणाले, कारण घाबरले तेच होते. “यावर नियम आहे. रेषा घरातून गेली, तर माणूस जिथे नेहमी झोपतो त्या प्रभागातला. म्हणजे कॉट बघतात.”

तिघांनीही मागच्या खोलीकडे पाहिलं.

“आई, कॉट आत्ता ओढू या पुढे,” लेक म्हणाली. “कोण बघतंय?”

“नाही,” सिस्टर म्हणाली. “ताप नसताना तक्त्यावर ताप लिहिला नाही मी कधी. विचारलं तर मागच्या खोलीत झोपते म्हणून सांगणार.”

“मग उमेदवारी गेली,” तिथूनराव म्हणाले.

“गेली तर गेली.” पण ती उठून दवाखान्याच्या बाजूची खिडकी लावायला गेली आणि बराच वेळ लावत राहिली.

नियमाला एक शेपूट होतं, ते तिथूनरावांना तोंडपाठ होतं: ‘आजारपण वा तत्सम अडचणीमुळे झोपण्याची जागा तात्पुरती बदलली असल्यास ती जमेस धरू नये.’ म्हणजे सिस्टरला पुढच्या खोलीत आणायचा एकच कायदेशीर मार्ग होता. कुणीतरी आजारी असायला हवं होतं. तो आजार कुणाला आहे आणि कसला, हे घरात एकट्या तिथूनरावांना मान्य नव्हतं. त्यांनी त्या रात्री आपली अब्रू काढून समोर ठेवून पाहिली. फार मोठी नव्हती. पण होती तेवढी तीच.

सुनावणी त्यांच्याच ऑफिसात, नकाशांच्या खोलीत. अर्ज तपासणाऱ्या अधिकारी बाई टेबलामागे, समोर एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला सिस्टर आणि तिथूनराव. कपाटांच्या आडून नकाशे सांभाळणारा सहकारी आणि शिपाईमामा आपापली कामं इतक्या हळू करत होते की ती काही केल्या संपत नव्हती.

“तुम्ही कुठे झोपता?” बाईंनी विचारलं.

“मागच्या खोलीत,” सिस्टर म्हणाली.

“वरचा प्रभाग!” चष्मेवाला जागच्या जागी उंच झाला.

“का?” बाईंनी विचारलं.

“पेशंटबद्दल मी त्याच्या परवानगीशिवाय बोलत नाही,” सिस्टर म्हणाली.

तिथूनराव उभे राहिले. घसा साफ केला. त्या आवाजानेच कपाटाआड कुणीतरी फिसकन हसलं.

“मी घोरतो,” ते पुटपुटले.

“मोठ्याने बोला. नोंद करायचीय.”

“मी घोरतो!” हे इतक्या जोरात गेलं की जिन्यावरचा माणूस आत डोकावला. आता जातच आहे तर सगळीच जाऊ दे, असं म्हणून तिथूनरावांनी बाकीचंही सांगून टाकलं. रात्रपाळी, पंप, प्लंबर. “ही म्हणाली, डॉक्टरांना दाखवलंत की परत येते. मीच दाखवलं नाही. म्हणजे बाई, जागा तात्पुरतीच आहे. लांबली ती माझ्या अकलेमुळे.”

“हरकत!” चष्मेवाला म्हणाला. “हे गृहस्थ गावभर सांगत फिरतात की मी घोरत नाही. माझ्या दुकानात सांगून गेलेत. आज बरं घोरायला लागले! पुरावा काय?”

बाईंनी तिथूनरावांकडे पाहिलं. खरंच, पुरावा काय? इथे झोपून दाखवायचं म्हटलं तर तिथूनरावांची तीही तयारी होती, पण झोप वेळेवर येईल याची खात्री नव्हती.

“बाई, बोलू का?” नकाशेवाला कपाटाआडून बाहेर आला. “हे दुपारी डबा खाल्ला की या खोलीत येतात. हद्दीवर विचार करायला. दार लावून.”

“मग?”

“मग आवाज येतो. आलेल्या लोकांना आम्ही सांगायचो, पंखा जुना आहे.”

“पंखा बदलला आम्ही,” शिपाईमामा म्हणाले. “वरून हुकूम आला होता, एवढी घरघर बरी नाही म्हणून. चांगला चालता पंखा होता हो बिचारा. नवा आणला तरी आवाज तोच. मग आम्हीच सवय करून घेतली.”

तिथूनराव थक्क झाले. “अहो मामा, मला कुणी सांगितलं का नाही?”

“सांगायला यायचो ना! तुम्ही झोपलेले असायचात.”

बाईंनी ओठ आवळून खाली पाहिलं आणि लिहिलं. मग विचारलं, “उपचार चालू आहेत?”

“आजपासून,” तिथूनराव म्हणाले.

“नसतील तर मी चालू करते,” सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात अशी काही हमी होती की बाईंनी लगेच शिक्का उचलला. हरकत फेटाळली. फायल मिटता मिटता त्यांनी सहज विचारलं, “आणि घरातून जाणारी ही रेषा लिहिली कुणी?”

“मीच, बाई.”

“जागेपणी?”

“तसा माझा समज आहे,” तिथूनराव म्हणाले. “पण आज माझे बरेच समज खोटे ठरलेत.”

बातमी त्यांच्याआधी गल्लीत पोचली. आणि मग असं झालं, की ज्या ज्या घरात एखादी बाई कानावर उशी दाबून रात्र काढत होती, त्या त्या घरातून सिस्टरला मत पडलं. भाषणं बिषणं काही करावी लागली नाहीत. चष्मेवाला पडला. पण माणूस दिलदार, स्वतः अभिनंदनाला आला. जाताना तिथूनरावांना म्हणाला, “एकदा दुकानात या. ज्याला स्वतःचं घर दिसत नाही त्याला मी चष्म्याशिवाय फिरू देणार नाही.” तिथूनराव गेले. नंबर खरंच वाढला होता.

डॉक्टरांनी सांगितलं, पाठीवर झोपू नका, कुशीवर झोपा. सिस्टरने त्यांच्या झोपायच्या सदऱ्याला पाठीमागून एक रबरी चेंडू शिवला. पाठीवर वळले की चेंडू टोचायचा आणि तिथूनराव मुकाट्याने कुशीवर यायचे. पंप आता फक्त पाणी चढवतो. कॉट पुढच्या खोलीत आली. दवाखान्यात रात्री दिवा दिसायला लागला, आणि सिस्टरचं दार ठोठावणारे कमी झाले. जे येतात ते चहाला येतात.

नगरसेविका झाल्यावर सिस्टरने हद्द दुरुस्त करायचा ठराव आणला. मसुदा लिहायचं काम अर्थातच तिथूनरावांकडे आलं. या वेळी ती त्यांना खुर्चीत बसू देईना. “चला, चालत लिहा,” म्हणाली. मग नाल्यापासून दोघं निघाले. ती पुढे, ते मागे, हातात कागद, नाकावर नवा चष्मा. वळणाशी आल्यावर सवयीने त्यांनी लिहिलं, ‘तिथून सरळ’.

“सरळ काय? वर बघा.”

त्यांनी वर पाहिलं. समोर त्यांचं घर होतं. दोरीवर चेंडूवाला सदरा वाळत होता.

तिथूनरावांनी ‘सरळ’ खोडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: ‘तिथून घर पूर्णपणे आत घेऊन, त्याच्या मागच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूने वळसा घालून विजेच्या खांबापर्यंत.’

सिस्टरने वाचून पाहिलं. “म्हणजे आता आपण दोघं एकाच हद्दीत?”

“वाक्यात तरी.”

“आणि वाक्यच जिंकतं म्हणता ना?”

“जिंकतं ना,” तिथूनराव म्हणाले. “चेंडू निघाला नाही तर.”